जांभळी विजार

कोण्या एका गावात केरबा नावाच्या माणसाने संगणकांचं दुकान काढलं होतं. संगणक आठ आणि खेळ एकच, जुना बंदुकांचा, अंधाऱ्या किल्ल्यात चालणारा. दर रविवारी दुपारी आठ जण आठ खुर्च्यांवर बसत आणि पडद्यावरच्या किल्ल्यात एकमेकांना उडवत. मेलेला शिपाई काही क्षणांत पुन्हा उठे, आणि जी बाजू जास्त शिपाई उडवी ती जिंके. चार पिवळे, चार जांभळे. आपल्या शिपायाचा सदरा कुठल्याही रंगाचा असला तरी चालायचं. विजार मात्र ज्या रंगाची, त्या बाजूचे तुम्ही.

दुकानाबाहेर खेळायला रांग असे. म्हणून केरबाने नियम केला होता की घंटा वाजेल तेव्हा जी बाजू हरेल, तिच्यातल्या सगळ्यांनी चार रविवार खुर्ची सोडायची. नियम काही वाईट नव्हता. पण गावातली माणसं त्याच्याहून हुशार निघाली. खेळ चालू असतानाही विजारीचा रंग बदलता येतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि मग काय विचारता! शेवटची पाच मिनिटं उरली की हरणारे पटापट विजारी बदलत. घंटा वाजे तेव्हा आठही जण एका रंगाचे, एकमेकांची तोंडं बघत उभे. मारायला कुणी उरलेलंच नसे.

असं तीन वर्षं चाललं. तीन वर्षांत त्या दुकानात कुणी म्हणून हरलं नाही, आणि गंमत अशी की याचा त्यांना अभिमान होता. "आपल्याकडं पडेल माणूसच नाही," असं केरबा आल्यागेल्याला सांगायचा.

त्या आठांत शालन नावाची एक बाई होती. ती पिठाची गिरणी चालवायची. आठवड्याचे सहा दिवस ती, तो पट्टा आणि ती घरघर. रविवारी गिरणी बंद असे. ते दोन तास आणि ती सहा नंबरची खुर्ची, एवढंच तिचं स्वतःचं होतं. म्हणून तीही तीन वर्षं इतरांसारखी विजार बदलत आली होती. खोटं कशाला सांगा?

एका रविवारी शालन जांभळ्यांत होती. किल्ल्यात उकळत्या लाव्ह्यावर एक अरुंद पूल होता. तो तिने वीस मिनिटं एकटीने राखला. तिच्या बाजूचा सदाशिव कंपाउंडर तिथे तीनदा अडकला, तीनदा तिने त्याला वाचवलं. तरी पिवळे पुढे गेले. त्यांचे म्होरके होते हायस्कुलातले कवायतीचे मास्तर रघुवीर सर. खेळतानाही त्यांचा आवाज मैदानावरचाच असे.

"पाच मिनिटं राहिली!" केरबा ओरडला.

खटाखट कळा वाजल्या. दोन जांभळे पिवळे झाले. सदाशिवचा शिपाई पुलावर शालनच्या मागेच उभा होता. त्याची विजार पिवळी झाली आणि त्याच क्षणी त्याने तिच्या पाठीत गोळी घातली.

शालनचा शिपाई कोसळला. तिने मान वळवून शेजारच्या खुर्चीवरच्या सदाशिवकडे पाहिलं. तो ओशाळून हसला.

"ताई, खेळातलं काय मनावर घ्यायचं? तुम्ही पण बदला की आता."

"सहा नंबर, रंग बदला!" सर गरजले. "उगाच खुर्ची घालवाल."

शालनला संताप आला. सदाशिवचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण तीन वर्षं तिनेही हेच केलं होतं. अशीच कुणाच्या तरी पाठीमागे उभी राहून.

तिने रंगांची यादी उघडली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिने रंग बदललाही, पण सदऱ्याचा. आधीचा करडा सदरा जाऊन जांभळा सदरा आला. आता तिचा शिपाई नखशिखांत जांभळा दिसत होता, त्या अंधारातही लांबून नजरेत भरेल असा.

"अहो, हे काय? हा काय वेडेपणा?" केरबा म्हणाला.

"तुमच्या नियमात बसतंय ना? मग झालं तर," शालन म्हणाली.

एका कोपऱ्यात दडून तिला पाच मिनिटं काढता आली असती. ती दडली नाही. ती सरळ पुलावर जाऊन उभी राहिली. सात जणांनी तिला घेरलं. ती मरायची, पुन्हा उठायची, पुन्हा पुलावर यायची. अकरा वेळा मेली. त्यात सरांना दोनदा आणि सदाशिवला एकदा लाव्ह्यात ढकलून आली. दारातली रांग खिडकीशी गोळा झाली. तीन वर्षांत शेवटची पाच मिनिटं बघण्यासारखी पहिल्यांदाच झाली होती.

घंटा वाजली. जांभळे हरले. जांभळे म्हणजे एकटी शालन.

सर छाती पुढे काढून उठले. "काय मिळवलंत? हरलात ना शेवटी?"

"हरले. चांगली हरले," शालन म्हणाली. "पण सर, तुम्ही आजवर कुणाला हरवलंय, त्याचं एक तरी नाव सांगा."

सरांनी तोंड उघडलं. नाव काही येईना. ते उघडं तोंड तसंच राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते बघून मला फार बरं वाटलं.

शालनने खुर्ची मागे सरकवली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला आत बोलावलं. चार रविवार म्हणजे एक अख्खा महिना नुसती घरघर. तरी ती रडली नाही, आणि माफी तर तिने मुळीच मागितली नाही.

पुढच्या रविवारी ती दुकानात आली आणि भिंतीला टेकून खेळ बघत उभी राहिली. सदाशिव त्या दिवशीही जांभळ्यांत होता, आणि जांभळे त्या दिवशीही मागे पडले.

"पाच मिनिटं!"

खटाखट कळा वाजल्या. तीन विजारी पिवळ्या झाल्या. सदाशिवचं बोट कळेवर गेलं. त्याने मागे वळून पाहिलं. शालनने नजर चुकवली नाही.

"अरे सदा, बदल लवकर! वेळ चाललाय!" सर ओरडले.

"नाही बदलत, जा!" सदाशिव म्हणाला. बोट त्याने कळेवरून उचललं होतं.

घंटा वाजली. तो हरला. उठून, कपाळावरचा घाम पुसत, तो शालनच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"चार रविवार गेले की रे तुझे," केरबा हळहळला.

"जाऊ देत," सदाशिव म्हणाला. "आज मी कुणाच्या पाठीत गोळी नाही घातली."

तात्पर्य: ज्याला स्वतःच्या रंगात हरायची हिंमत नाही, त्याला कुठल्याच रंगात जिंकता येत नाही.