महाराजांचे गार पाय

बोरतळे गावाच्या वेशीबाहेर खंडोबाचं देऊळ होतं. पौषात केरोबा महाराज त्याच्या ओट्यावर येऊन राहिले. अंगावर एकच घोंगडी, तीही कुणी कुडकुडताना दिसलं की देऊन मोकळे!

त्याच गावात गोजराबाई ही महाराजांची भक्त. तिची आधीची दोन बाळंतपणं अर्ध्यावरच मोडली होती. या खेपेला पाचव्या महिन्यात अंगावरून जाऊ लागलं, तेव्हा वैद्यांनी बाजेच्या पायथ्याखाली विटा लावून निजून राहायला सांगितलं. सासू सगुणाबाईंना ते काही पटेना. त्यांची सगळी लेकरं म्हणे खळ्यावरच झाली. सांगताना दर वेळी धान्याची रास थोडी वाढायची.

“राणीसाहेब निजल्यात, अन् आम्ही भाकऱ्या थापतोय.”

“थापा, आत्याबाई. मी लेकरू थोपवून धरलंय,” गोजरा म्हणाली.

तिला देवळात जाता येईना, म्हणून महाराजच दारी आले.

“घाबरलीस का, माय?”

“घाबरले, पण हटणार नाही. तुम्ही सोबत राहा.”

“राहिलो,” महाराज म्हणाले आणि चालू लागले. ना अंगारा दिला, ना दोरा!

“झालं? नुसत्या शब्दावर कुठं पोटातलं टिकतं?” सगुणाबाई फिसकन हसल्या.

सातवा सरता सरता मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, रडणंही मांजराच्या पिलासारखं. सगुणाबाईंनी एकदा पाहिलं आणि पाटा उचलून आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला. पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठीच तर पाटा मांडून पुजायचा असतो.

“देवीला बोलवायचं अन् तोवर कपाळच उरलं नसलं म्हणजे? पाटा मांडायचा नाही.”

गोजरानं मुलीला उघड्या छातीशी घेतलं आणि वरून लुगड्यानं घट्ट बांधलं. “कपाळ आहे. हे बघा, माझ्या हनुवटीखाली. पाटा मांडायचा.”

कापसाच्या बोळ्यानं ती थेंब थेंब दूध पाजू लागली. दिवस असो की रात्र, मुलीला छातीवरून खाली ठेवीना.

पाचवीच्या दिवशी सकाळी मुलगी गार पडली. ओठ निळे झाले. सगुणाबाईंनी हळूच तिच्या पावलाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. गोजरा मात्र देवळाकडे तोंड करून ओरडली. प्रार्थना कसली, दटावलंच म्हणा ना!

“महाराज, राहिलो म्हणालात ना? मग राहा! मी सोडलेलं नाही, तुम्हीही सोडायचं नाही!”

सगुणाबाई तणतणत देवळाकडे निघाल्या. जाऊन बघतात तो काय! ऊन चांगलं वर आलेलं, आणि महाराज घोंगडीत थडथड कापताहेत. लोकांनी वरून गोधड्या घातल्या होत्या, तरी दात वाजायचे थांबेनात.

“स्वतःला ऊब मिळेना, अन् माझ्या सुनेला आशा लावता?” सगुणाबाई कडाडल्या. “सांगा तिला, नाद सोड म्हणावं!”

महाराज तशाही थंडीत हसले. “सगुणामाय, पाय तेवढे चोळता का?”

सगुणाबाईंनी रागारागानं त्यांच्या पावलाला हात लावला आणि हात तिथंच राहिला. हा गारठा त्यांच्या ओळखीचा होता. मघाशी नातीच्या पावलाला लागला होता, तोच.

“महाराज... हा तर तिचा...”

“तिला पेलवत नव्हता, माय. मला पेलतो.”

काय ही माया! सगुणाबाईंनी त्या गार पावलांवर डोकं ठेवलं आणि हमसून रडल्या.

“उठा आता,” महाराज म्हणाले. “पाटा कोण मांडणार?”

त्या धावतच घरी आल्या. मुलीचे ओठ लाल झाले होते आणि ती बोळा चोखत होती. सगुणाबाईंनी स्वतः पाटा आणला, धुतला, मांडला. मग हळदकुंकू लावायला बसल्या.

“आत्याबाई, हळद कमी पडली,” गोजरा बाजेवरून म्हणाली. सगुणाबाईंनी निमूट आणखी लावली.

मुलगी बाळसं धरू लागली, तशी महाराजांनी एकेक गोधडी ज्याची त्याला परत केली. पुढे सगुणाबाई नातीला कडेवर घेऊन रोज दर्शनाला जात. पायांवर हात ठेवला की इतरांपेक्षा अंमळ जास्त वेळ ठेवत. लोक म्हणत, काय ही भक्ती! त्या मात्र पाय ऊबदार आहेत ना, तेवढं बघून घेत.