पिवळ्या गालांची फियामेत्ता

ही परी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. बरं, मी नाही, माझ्या आजीने. आणि तिलाही तेव्हा धड दिसत नव्हतं. पण गोष्ट पक्की आहे, नाकं मुरडू नका.

दूर इटलीत, लिंबांनी लखलखणाऱ्या एका बागेत म्हातारे चित्रकार बाल्दो फियामेत्ताचं चित्र काढत होते. फियामेत्ता म्हणजे शहरातली सगळ्यांत सुंदर मुलगी. तिला बघायला लोक कुंपणावर लटकत. तासन्तास बसून तिची मान दुखते का, हे मात्र एकटी नेल्ला विचारायची. नेल्ला म्हणजे फाटक्या झग्यातली चिमुरडी, अंडी विकून अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळणारी. तेव्हा रंग अंड्याच्या बलकात कालवत, म्हणून ती रोज बाल्दोंना एक अंडं आणून देई.

एके दिवशी तिच्या कोंबडीने अंडंच दिलं नाही. नेल्लाने एक खेड्यातल्या मावशीकडून आणलं. बाल्दोंनी न बघताच रंग कालवला, आणि चित्रातले गुलाबी गाल हळद लागल्यासारखे पिवळेजर्द झाले.

"तुझाच चेहरा उतरलाय," बाल्दो फियामेत्तावर डाफरले. "आता पुन्हा बस महिनाभर."

फियामेत्ताच्या डोळ्यांत टपोरे मोती जमले.

"आजोबा, तिचं काही चुकलं नाही," नेल्ला म्हणाली. "अंडं खेड्यातल्या कोंबडीचं होतं."

"अगं, तो गडद बलक म्हाताऱ्यांचे चेहरे रंगवायला. तरुण मुलीला शहरातल्या कोंबडीचा फिकाच लागतो. उद्यापासून येऊ नकोस तू."

नेल्लाने त्या अंड्याचं फुटकं कवच उचललं. आत बसली होती अंगठ्याएवढी परी, निळ्या-सोनेरी पंखुल्यांची.

"एकच माग," परी म्हणाली, "पण कुंचल्यावरचा बलक सुकायच्या आत."

तो सुकायला कितीसा वेळ? नेल्लाच्या ओठांवर आई आली. मग तिला फियामेत्ताची अवघडलेली मान दिसली.

"हिचे गाल नीट होऊ दे. अंडं मी आणलं होतं."

चित्रात डाळिंबी लाली उमलली.

"आणि आईचं?" परीने विचारलं.

"बलक सुकला," नेल्ला पुटपुटली.

"कुंचल्यावरचा. माझ्या कवचातला अजून ओला आहे."

लख्ख उजेड झाला, त्यात परी विरघळून गेली. बागेच्या फाटकाशी नेल्लाची आई उभी होती, स्वतःच्या पायांवर.

बाल्दोंना यातलं काहीच दिसलं नाही, चित्रकारच ते.

"पाहिलास माझा हात?" ते फुशारले. "शेकडो वर्षं लोक तुझ्याकडे बघत बसतील, पोरी."

फियामेत्ता मान चोळत उठली.

"आणि मी कुणाकडे बघत बसू, बाल्दोकाका? चित्रात माझ्यासमोर नेल्लालाही काढा की."