‘येत नाही’ म्हणायचं कोणी?

चिमा पटवेकरणीच्या दुकानाला पौर्णिमेला टाळं लागणार, ही बातमी वेळणगडच्या बाजारात बघता बघता पसरली. तिचा गुन्हा काय, तर तिने परमुलखातला माणूस कामाला ठेवायचा म्हटला!

माणूस म्हणजे बसऱ्याचा दाऊद. मोती विंधण्यात तरबेज. मोत्याला भोक पाडणं म्हणजे खेळ नव्हे, हात जरा चुकला की दोन तुकडे! चिमाच्या नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून दुकानात रेशीम होतं, दोरा होता, पण ओवायला विंधलेले मोती नव्हते. म्हणून तिने दरबारात अर्ज केला: दाऊदला दोन वर्षं काम करू द्या, जामीन मी राहते. गावच्या कारागिराइतकीच मजुरी देईन, राहायला खोली देईन, मुदत संपली की गलबतात बसवून घरी पाठवीन.

राजे रायाजीराव भडकले. “आमच्या राज्यात कशाची वानवा आहे, म्हणून बाहेरून माणूस आणायचा?”

“मोती विंधणाऱ्याची, सरकार.”

“असं? मग वेळणगडच्या चाळीसही सोनारांकडून लिहून आण, ‘मला हे काम येत नाही’ म्हणून! एक सही जरी कमी पडली, तरी दाऊद पौर्णिमेच्या गलबतात आणि तुझ्या दुकानाला टाळं!”

दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. हसणारच! ‘येत नाही’ हे शब्द वेळणगडात कुणाच्या बापजाद्यानेही उच्चारले नव्हते. इथे परक्याने वाट विचारली, तर ठाऊक नसली तरी हात लांब करून दाखवतील. बिचारा जाईना का खड्ड्यात!

चिमा निघाली. पहिलं दुकान गणू सोनाराचं.

“मोत्याला भोक? हॅट्! हातचा मळ आहे माझ्या!”

“कधी विंधलात, काका?”

“विंधला नाही गं अजून. पण येतं!”

पुढचा विठू सोनार म्हणाला, “आमचे आजोबा विंधायचे.”

“आणि तुम्ही?”

“त्यांचाच नातू ना मी!”

चार दिवस पायपीट केली, पण एक सही मिळेल तर शपथ! दाऊद गाठोडं बांधायला लागला. “बाई, तुमच्याकडे सगळ्यांना सगळं येतं. माझं इथे काय काम?”

चिमाला रडू फुटायचं बाकी होतं. पण ती ताडकन उठली. “गाठोडं सोड! सगळ्यांना सगळं येतं ना? मग करू दे की त्यांना!”

ती थेट राणीसाहेबांच्या महालात गेली. राणीसाहेबांकडे माहेरचा एक मोती होता, टपोऱ्या बोराएवढा, अकरा वर्षं तसाच पडलेला. आणि राणीसाहेबांचा राग? एकदा पुरणपोळी करपली, तर अख्खा मुदपाकखाना तीन दिवस लपून बसला होता!

“विंधणारा मिळाला तर हवाच आहे,” राणीसाहेब म्हणाल्या. “आईची आठवण आहे ती. पण तडा गेला, तर गाठ माझ्याशी!”

“हेच दवंडीत सांगू का, राणीसाहेब?”

“खुशाल सांग!”

झालं! दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली ढोल वाजला. “ऐका होऽ! मोती विंधता येतो त्याने उद्या महालात यावं! राणीसाहेबांच्या माहेरचा मोती आहे! तडा गेला तर जाब खुद्द राणीसाहेब विचारतील! येत नसेल त्याने चिमाच्या दुकानात लिहून द्यावं होऽ!”

दवंडीवाला पुढच्या गल्लीत पोचतो न पोचतो तोच गणू सोनार धापा टाकत हजर, एका पायात जोडा, दुसरा अनवाणी.

“कुठे सही करू?”

“पण काका, हातचा मळ ना तुमच्या?”

“अगं, आत्ताच हात धुतले!”

त्याच्यामागे विठू. “आजोबा विंधायचे ना?” चिमाने विचारलं.

“कुठले आजोबा? ते तर तपकीर विकायचे!”

दिवस मावळायच्या आत चाळीस सह्या झाल्या. चिमाने दाऊदला बरोबर नेऊन कागद दरबारात ठेवला. राजांनी सह्या दोनदा मोजल्या, घसा खाकरला, आणि हट्टाला पेटलेला माणूस काय करील सांगता येत नाही!

“एक सही राहिली. आमची! लहानपणी आम्ही भाल्याने लिंबू टिपायचो. मोती काय चीज आहे? आम्हाला येतं!”

दाऊदने डोळे मिटून घेतले. चिमाने मात्र टाळी वाजवली.

“देव पावला! कारागीर घरातच निघाला. मग परक्याला कशाला ठेवू? जाऊ दे त्याला बसऱ्याला!” तिने दाऊदच्या हातातला सामता घेतला आणि ते इवलंसं भोक पाडायचं हत्यार राजांपुढे धरलं. “राणीसाहेब पडद्यामागेच आहेत, सरकार. बोलावते. सामता आपण धरा, मोती त्या धरतील!”

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. “आले हं मी!”

राजांनी सामत्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला, आणि जे हसत सुटले ते सिंहासन गदगदेपर्यंत!

“लेखणी आणा रे! लवकर! त्या बाहेर यायच्या आत!”

एक्केचाळिसावी सही झाली, ‘आम्हाला येत नाही’. त्याच लेखणीने राजांनी दाऊदचा दोन वर्षांचा परवाना लिहिला, मनगटातलं सोन्याचं कडं काढून चिमाला दिलं, आणि राणीसाहेबांचा मोती विंधायचं पहिलं काम तिच्याच दुकानाला मिळालं.