पळपुट्या सरदाराचा खरा पोवाडा

रणातून पळायचं, पळताना आपलीच माणसं तुडवायची आणि वर पोवाडा मागायचा!

गावात सगळे असंच बोलत होते, फक्त नाव कुणी घेत नव्हतं. कारण सर्बियातल्या त्या डोंगरी गढीचा धनी, सरदार वोइस्लाव, यानं म्हाताऱ्या शाहीर मिलोयेला कोठडीत टाकलं होतं. हुकूम असा की सरदारांच्या शौर्याचा पोवाडा रच, पण त्यात शब्दही खोटा नको. खोट्या पोवाड्यांना लोक बाजारात हसतात. दोन्ही एकदम जमायचं नाही, असं मिलोये बोलून गेला होता. आता सूर्य मावळायच्या आत पोवाडा झाला नाही, तर त्याची जीभ जाणार होती.

त्याची मुलगी स्तोयना रागानं फणफणत निघाली. पण रागानं कोठडीचं दार उघडत नाही, हे तिला कळत होतं. आधी ती नदीच्या पाणवठ्यावर थांबली, मग थेट गढी चढली.

दरबारात तिनं बापाचं एकतारी वाद्य मांडीवर उभं धरलं, गज ओढला आणि गायला लागली. पोवाड्यात लढाई आली, सरदारांचा पांढरा घोडा आला, तो सगळ्यांच्या आधी नदी ओलांडून घराकडं कसा सुटला तेही आलं. दरबारी मिशीत हसू लपवू लागले. पोवाडा कोठडीतल्या म्हाताऱ्या शाहिरापर्यंत आला आणि स्तोयना मधेच थांबली.

"पुढं?" सरदार गुरकावला. "शौर्य कुठाय?"

"इथवरच घडलंय, सरकार. न घडलेलं गायलं तर खोटं ठरेल."

"म्हणजे अर्धाच पोवाडा?"

"पाणवठ्यावरच्या बायकांनाही अर्धाच शिकवलाय. शेवट आपल्या हाती आहे. भर दरबारात 'माझं चुकलं' म्हणायचं आणि कोठडी उघडायची. एवढी छाती आजवर एकाही सरदाराची झालेली नाही. आपण दाखवा, मी गाते."

खालून, नदीकडून, बायकांचे सूर खरंच वर येत होते. सरदारानं खिडकीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि एकाएकी तो खदखदून हसला. "माझं चुकलं," तो म्हणाला. तलवार उपसण्यापेक्षा त्याला हे जड गेलं. कोठडी उघडली. शेवटचं कडवं स्तोयनानं बापाशेजारी उभं राहून गायलं, आणि बक्षीस म्हणून तोच पांढरा घोडा तिला मिळाला.

घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारानं म्हाताऱ्याला घोड्यावर बसवलं आणि लगाम तिच्या हाती दिला.

"घाबरू नको, पोरी," तो म्हणाला, "घरी पोचवण्यात याचा हात कुणी धरणार नाही."