साळूच्या काट्यांवरचे दोरे

त्या डोंगराला राजा नव्हता. आजूबाजूच्या डोंगरांनाही नव्हता. बिळांतून निघालेले दोरे दऱ्या ओलांडून दुसऱ्या डोंगरांत शिरत आणि त्यांवरूनच सगळे प्राणी एकमेकांशी बोलत. दूरचा कोणी जोडला गेला की त्याच्या नावाचा कोनाडा कोरला जाई, ओळखीची खूण खोचलेले त्याचे गाठोडे त्यात राही; पलीकडच्या डोंगरांतही इकडच्यांची गाठोडी अशीच ठेवलेली असत. गाठोड्याचा दोरा दाराशी बसणाऱ्या साळू नावाच्या म्हाताऱ्या साळिंदरीच्या एखाद्या काट्याला वळसा घेऊन त्या दूरच्याच्या घरापर्यंत जाई. बातमी आली की साळू तो ओढी.

झाडलोट धोंडू शेणकिड्याकडे होती. ज्याचा दोरा दारापर्यंत जातो ते कोणाचे तरी आहे, ज्याचा जात नाही ते बाहेर, एवढाच त्याचा नियम.

त्या वर्षी डोंगर आतून भरत चालला. चालायच्या वाटा अरुंद झाल्या, हवा जड झाली. एका सकाळी सशिणीची दोन पिल्ले गुदमरून बेशुद्ध पडली, तेव्हा सगळे धोंडूवर तुटून पडले. त्याला हाकलायचे ठरले. भिवा मुंगसाने मात्र खरे कारण शोधायला तीन दिवस मागून घेतले.

"भिवादादा," धोंडू म्हणाला, "बिनदोऱ्याचं एक पानसुद्धा मी आत ठेवलेलं नाही. वाटल्यास झडती घ्या."

भिवाने घेतली. धान्य येत होते तसे संपत होते. एका कोपऱ्यात मडके चुंबळीला आणि चुंबळ मडक्याला बांधलेली दिसली. जागा खाणारा चोर सापडला असे त्याला वाटले, तोवर धोंडूने दोन्ही उचलून नेली. त्यांचा दोरा दारापर्यंत जातच नव्हता. दुसऱ्या दिवशी भिवाने कोनाडे तीनदा मोजले आणि तीनदा वेगळा आकडा आला. आपण शोधतो आहोत ते नक्की काय, हेच त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी त्याने एका धुळीने माखलेल्या गाठोड्याचा दोरा दातांत धरला आणि त्यामागे चालत गेला. तो साळूपाशी पोचला. तिचा एकही काटा मोकळा नव्हता. ओझ्याने तिची मान जमिनीला टेकली होती.

"मावशी, या दोऱ्यांपलीकडचे सगळे आहेत अजून?"

"जातो म्हणून कोणी सांगितलं नाही बाबा. बातमी आली की ओढा म्हणाले होते. मी ओढते."

"पलीकडून उत्तर येतं?"

साळूने पंजाने दोन-तीन दोरे चाचपले. "एवढ्या दोऱ्यांत कोणता हिसका कोणाचा, हे हल्ली कळतच नाही."

"मग सोडून देऊ."

"आणि एखादा नुसता हळू असला तर? आजारी असला तर?"

भिवाने एक दोरा पंजात धरून पाहिला. मेलेला आणि उशीर करणारा, दोऱ्याच्या या टोकाला सारखेच लागत होते. शेवटी दोघांनी ठरवले, की तीन हिसके द्यायचे, थांबायचे, आणि उत्तर आले नाही तर गाठ सोडायची. प्रत्येक गाठ सुटताना साळू ते नाव पुटपुटे आणि डोळे मिटून घेई. धोंडू मागून गाठोडी नेत होता. दुपारपर्यंत डोंगरात वारा खेळू लागला. सशिणीची पिल्ले उठून बसली.

संध्याकाळी एका दोऱ्याला भिवाने हिसका दिला आणि तो दचकला. दोऱ्याला वजनच नव्हते. त्याने ओढला तसा तो येत राहिला. दरीतले गवत, ओली माती चिकटून येत राहिली. अखेर टोक पंजात आले. ते तुटलेले नव्हते, कुरतडलेलेही नव्हते. गाठीची सुरकुती त्यावर तशीच होती; कोणीतरी ती सावकाश, नीट सोडवली होती.

"हा कोणाचा?" भिवाने विचारले.

साळूने कित्येक महिन्यांनी मान वर केली आणि दाराबाहेर पाहिले. समोरच्या डोंगराच्या उतारावर एक अनोळखी शेणकिडा एक गाठोडे ढकलत खाली नेत होता. त्यावर ओळखीसाठी खोचलेला काटा साळूचाच होता.