अध्यक्षांच्या कुत्र्याचं नाव

नगराध्यक्ष दौलतराव मोहित्यांनी विलायती कुत्रा पाळला. परदेशातल्या राष्ट्राध्यक्षांचे कुत्रे नावानिशी जगभर ओळखले जातात, मग आपला का नको? म्हणून त्यांनी भर सभेत लोकांना नाव सुचवायला सांगितलं.

कुणी ‘सम्राट’ म्हणालं, कुणी ‘बहाद्दर’. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या.

एवढ्यात भाजी विकणाऱ्या कोंडाबाई शेलार उठल्या. “साहेब, ‘आश्वासन’ ठेवा.”

“हे कसलं नाव?” अध्यक्ष गुरगुरले.

“तीन वर्षं झाली, आमच्या आळीला नळ देतो म्हणताय. आता निदान तुम्ही एक तरी आश्वासन पाळलंत, असं आम्हाला सांगता येईल.”

सभेत हशा उसळला. कुत्र्याचं नाव शेवटी मोती ठेवलं गेलं. नळाचे पाइप मात्र सोमवारीच आळीत येऊन पडले.