खुंटावरची चांदणी

"मग कोणाचं नाव सांगणार, आप्पा?"

सुहासने पुन्हा विचारलं.

आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. चपला काढून पाय गार फरशीवर टेकवलेले.

"आप्पा..."

"ऐकतोय की."

प्रदर्शन संपलं होतं. शाळेच्या हॉलमधली माणसं घरी गेली होती. आम्ही तिघंच उरलो होतो, आणि टेबलांवर कुंड्या. मी एकेक कुंडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होते. आमच्या काटेरी मंडळात पूर्वी या कामाला हात कमी पडत नसत. आता सभासद येतात, निवडुंगांसोबत फोटो काढतात, आणि नेमके आवराआवरीच्या वेळी प्रत्येकाच्या घरी पाहुणे येतात.

सबंध दिवस लोकांनी तेच तेच विचारलं होतं. हे खरं आहे का प्लॅस्टिकचं? याला पाणी लागतच नाही ना? घरात काटे ठेवले की भांडणं होतात म्हणे?

आप्पा हंचाटे प्रत्येकाला उत्तर देत होते. संध्याकाळी मात्र एका बाईंना म्हणाले, "माझ्या घरात काटे नव्हते, तेव्हाही होतच होती की भांडणं."

तेव्हाच मी ओळखलं, म्हातारा दमला.

मंडळ त्यांनी काढलेलं. रविवारचा वर्गही तेच घ्यायचे. कुंडी कशी भरायची, बुडाशी फुटलेली पिल्लं आईपासून कशी सुटी करायची, कलम कसं बांधायचं. सोलापूरच्या उन्हात सायकल मारत यायचे आणि तसेच परत जायचे. आज सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या रविवारपासून मी यायचा नाही. वर्गाला माझ्या खुर्चीत कोण बसायचं, ते संध्याकाळी सांगतो."

तेव्हापासून सुहास येळेगावकरच्या जिवाला चैन नव्हतं.

सुहासचं औषधांचं दुकान आहे. माणूस हुशार. आप्पांचा सगळ्यात जवळचा शिष्य, असं सगळे म्हणत. सगळ्यात आधी तो स्वतः. त्याचं प्रत्येक वाक्य 'आप्पा म्हणतात' असं सुरू व्हायचं. आणि रोज सकाळी त्याचा आप्पांना फोन. आज पाणी घालू का? ऊन फार लागत नाही ना? आभाळ आलं तरी फोन, गेलं तरी फोन. आप्पांचा चहा त्या फोनपायी गार व्हायचा.

"दुसरं आहे तरी कोण, आप्पा?" सुहास म्हणाला. "तुम्ही माझी चांदणी पाहिलीत ना?"

"बघतो."

आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले.

चांदणी मधल्या टेबलावर होती. या निवडुंगाला काटे नसतात. पाच फुगीर कडा, अंगावर पांढरे ठिपके, वरून पाहिलं की चांदणी. सुहासची चांगली कवठाएवढी होती. बाहेरगावच्या परीक्षकांनी तिला लाल फीत लावली होती. समोरच्या कार्डावर सुबक अक्षरात लिहिलेलं, 'बियांपासून वाढवलेले. स्वतःच्या मुळांवर.'

"बी कुठलं हे?"

"तुम्हीच दिलेलं. तुमच्या झाडाच्या फळातलं."

"त्याच फळातलं एक माझ्याकडे पण आहे."

"हो. पाहिलंय मी."

"केवढंय?"

"लिंबाएवढं."

आप्पांनी चांदणीची कुंडी जवळ ओढली.

"म्हणजे शिष्य गुरूच्या पुढे गेला म्हणायचा." सुहास हसला.

त्याच्यासोबत कोणी हसलं नाही.

आप्पांनी कार्ड वाचलं. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. मग त्यांनी जे केलं ते आमच्यात कोणीच करत नाही. प्रदर्शनातल्या दुसऱ्याच्या कुंडीत त्यांनी बोट घातलं.

वर पसरलेली बारीक खडी ते बाजूला करू लागले. सावकाश, तांदूळ निवडावेत तशी.

खडीखाली माती यायला हवी होती. दांडा आला. तिधारी, हिरवा, उजेड न मिळाल्याने कडांना पिवळा पडलेला.

ड्रॅगनफ्रूटच्या वेलाचा तुकडा होता तो. याला आम्ही खुंट म्हणतो. सावकाश वाढणारं नाजूक झाड कापून खुंटावर बसवलं, की दुसऱ्याच्या मुळांवर ते भराभर फुगतं. यात पाप काही नाही, आम्ही सगळेच करतो. फक्त कार्डावर 'कलम' असं लिहायचं असतं. आणि खुंट खडीत पुरायचा नसतो.

सुहासचे कान लाल झाले.

"खुंट कुठला?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्याच कुंपणावरचा."

आप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागवायलाही अंगात जोर लागतो.

"मरत होतं, आप्पा." सुहासचा आवाज खाली आला. "अगदी लहान रोप होतं. खालून मऊ पडलेलं. तुम्ही दिलेलं झाड माझ्या हातात गेलं असतं, तर तुम्हाला तोंड काय दाखवलं असतं? वरचा भाग कापला. कलम बांधलं. जगलं."

"बरं केलंस."

"मग लोक कौतुक करायला लागले. स्वतःच्या मुळांवर एवढं कसं वाढवलं म्हणून. मी 'नाही' म्हणालो नाही... आणि खडी टाकली."

"हं."

मला त्याचा राग आला होता. वाईटही वाटत होतं. चांगला चाळिशी उलटलेला माणूस, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा होता.

"फीत काढतो, आप्पा. कार्डही बदलतो."

"कार्ड राहू दे. अक्षर चांगलंय."

आप्पांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात कलमाचं ब्लेड असतं. ते त्यांनी कुंडीशेजारी ठेवलं.

"कार्डावर लिहिलंयस, तसं कर."

सुहासला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आत्ता? मरेल, आप्पा."

"मरेल कदाचित."

"थोडं थांबू या. हवा बदलली की करतो. तुम्ही सांगाल त्या दिवशी, तुम्ही म्हणाल तसं..."

आप्पांनी ब्लेड त्याच्याकडे सरकवलं.

"मग तुम्ही कापा. तुमचा हात हलका आहे."

आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

हॉलमधला पंखा तेवढा कुरकुरत होता. सुहासने ब्लेड उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीला सुतळी बांधण्यात गुंतले, म्हणजे तसं दाखवलं. अशा वेळी कोणाच्या तोंडाकडे बघू नये.

त्याने कापलं.

काकडी चिरल्यासारखा आवाज झाला. खुंट कुंडीत राहिला आणि चांदणी त्याच्या तळहातावर आली. खालचा गर ओला, पांढुरका, मधोमध एक बारीक वर्तुळ. त्यावर पाण्याचे थेंब जमू लागले. सुहासच्या डोळ्यांतही पाणी आलं होतं, ते त्याने पुसलं नाही.

"आता कुठे लावू?"

विचारता विचारता त्याचा हात शेजारच्या रिकाम्या कुंडीकडे गेला होता. आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण हीच चूक करतो. उघडी जखम त्यांना बघवत नाही, लगेच मातीत खुपसतात. ओली जखम मातीत गेली की कुजलीच. सुहासने स्वतः कितीतरी जणांना हे 'आप्पा म्हणतात' करून शिकवलं होतं. आज हातात आपलंच झाड होतं, तर विसरला.

"लावू नकोस," आप्पा म्हणाले. "कागदावर ठेव. घरी नेऊन कपाटावर ठेव. उघडंच."

"किती दिवस?"

"त्याला विचार."

"सुरकुतेल."

"सुरकुतणारच की."

"थोडं पाणी तरी... नुसतं शिंपडून..."

"पाण्यानंच जाईल ते."

"मग मुळं कशी येणार, आप्पा?"

"तहान लागली की शोधायला निघतात."

सुहासने चांदणी कागदावर ठेवली. लाल फीत काढून खिशात कोंबली. खुर्चीबद्दल आता काही विचारण्यासारखं राहिलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्या कुंडीतला बोडका खुंट बघत तो उभा राहिला.

आप्पांनी चपलांत पाय सरकवले.

"रविवारी खुर्चीत तू बस," ते म्हणाले.

माझ्या हातातली सुतळी सुटली.

"मी?" सुहास म्हणाला. "हे सगळं पाहून? आता?"

"आता."

"थट्टा करता का, आप्पा?"

"थट्टा करायला ताकद लागते रे."

"मला काय येतं? आत्ता बघितलंत ना... कापलेलं कुठे ठेवायचं, हेसुद्धा तुम्हालाच विचारलं मी."

"बघितलं."

"मग निदान तुम्ही मागे बसा. काही बोलू नका, नुसते बसा. तुम्ही हॉलमध्ये आहात एवढं कळलं तरी मला पुरेल."

"नाही."

"मग सकाळी फोन करेन, नेहमीसारखा."

"नको."

दोन्ही शब्द त्यांनी हळूच उच्चारले, पण त्यात वाटाघाटीला जागा नव्हती. काकू, म्हणजे आप्पांची बायको, गेल्यापासून ते घरी एकटे असतात. मुलगी लांब. त्या सकाळच्या फोनखेरीज दिवसभर त्या घरात कोणाचा आवाज होत नाही. हे मला ठाऊक होतं, सुहासलाही ठाऊक होतं. गार झालेला चहा आप्पा कुरकुर करत प्यायचे, पण फोनची वेळ धरूनच गॅसवर आधण ठेवायचे, हेही आम्हाला ठाऊक होतं.

"आप्पा, राहू द्या ना," मी न राहवून म्हटलं. "एक फोन काय तो."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे फार थकलेले होते.

"बाई, तुमच्या कुंड्या आटपा."

ते दारापर्यंत गेले. पायरी उतरण्याआधी चौकटीला हात लावून थांबले. सुहास कागदावरची चांदणी दोन्ही हातांत धरून त्यांच्या मागे गेला.

"आप्पा, रोज नाही करणार फोन. शब्द देतो. पण कधी अगदीच अडलं... काही सुचेनासं झालं, जीव कासावीस झाला... तेव्हा तरी येऊ ना तुमच्याकडे?"

आप्पा वळले. सुहासच्या हातातल्या झाडाचा ओला भाग कागदाला टेकत होता. त्यांनी तो नीट वर केला.

मग म्हणाले,

"तेव्हा तर येऊच नकोस."